विशेषण सोडा, क्रियापद धरा

बहुतेक प्रत्येक ऑफिसात असा एक माणूस असतो. मीटिंगमध्ये तो दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही. काम वेळेवर देत नाही आणि विचारलं की उलट अंगावर येतो. किंवा कामात वाघ असतो, पण बोलणं असं की शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी त्याला शंका विचारण्याऐवजी तासभर स्वतःच धडपडत बसते. त्याच्याविषयी टीममध्ये भरपूर बोललं जातं. चहाच्या टपरीवर, त्याला वगळून काढलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, घरी जेवणाच्या ताटावर. त्याच्याशी मात्र कुणी बोलत नाही. फार तर लेकी बोले सुने लागे या न्यायानं एखादा टोमणा सुटतो : "काही लोकांना वेळेची किंमतच नसते." टोमणा वर्मी लागतो, माणूस दुखावतो. नेमकं काय बदलायचं, हे मात्र त्याला त्यातून कळत नाही.

अशा सहकाऱ्याला उपयोगी पडेल असं कसं सांगावं, यावर मानसशास्त्रानं, व्यवस्थापनशास्त्रानं आणि विमानवाहतुकीसारख्या जोखमीच्या क्षेत्रांनी गेल्या सत्तरेक वर्षांत बरंच काम केलं आहे. त्याचं सार थोडक्यात असं : माणसाला विशेषण लावलं की भांडण होतं, त्याची कृती समोर ठेवली की बोलणं होतं. 'तू बेजबाबदार आहेस' याला 'मी नाही' किंवा 'तूच आहेस' यापलीकडे उत्तर नाही. 'गुरुवारी द्यायची फाइल शुक्रवारी दुपारी आली' याला उत्तर देताना कारण सांगावं लागतं, आणि कारण आलं की तोडग्याची वाट दिसते.

जीभ का रेटत नाही

अप्रिय गोष्ट सांगणं माणूस टाळतो. जॉर्जिया विद्यापीठातल्या सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर यांनी १९७० मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना दुसऱ्या एका व्यक्तीसाठी आलेला निरोप पोचवायचा होता. कधी तो चांगल्या बातमीचा असे, कधी वाईट. चांगली बातमी लोक हौसेनं सांगत. वाईट बातमी सांगताना मात्र आढेवेढे घेत, मजकूर गाळत. त्या बातमीला ते स्वतः जराही जबाबदार नव्हते, तरीही. या प्रवृत्तीला मानसशास्त्रात 'मम इफेक्ट' म्हणतात.

ऑफिसात तर बातमी समोरच्या माणसाविषयीच असते आणि सांगणारा त्याचा साहेब नसतो. 'हा कोण मला शिकवणारा' ही भीती असते. उद्या त्याच्याच शेजारी बसायचं असतं, त्याच्याच सहीसाठी कागद न्यायचा असतो. म्हणून माणसं गिळून टाकतात. महिनोन् महिने साचलेलं मग एक दिवस भलत्याच क्षुल्लक कारणावरून बाहेर पडतं आणि समोरच्याला वाटतं, 'एवढ्याशा गोष्टीवरून इतका तमाशा?' त्याच्या बाजूनं पाहिलं तर ते खरंच असतं. आधीच्या पंधरा गोष्टी त्याला कुणी सांगितलेल्याच नसतात.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये माणसाच्या स्वतःविषयीच्या जाणिवेची चौकट चार खणांत मांडली. आज ती 'जोहारी विंडो' म्हणून ओळखली जाते. तिच्यातल्या एका खणात अशा गोष्टी येतात, ज्या इतरांना स्वच्छ दिसतात पण ज्याच्या त्याला दिसत नाहीत. आपला आवाज किती चढतो, आपण किती वेळा मध्ये बोलतो, आपल्या मेलचा सूर कसा वाटतो, हे सगळं त्या खणातलं. तो खण दुसऱ्या कुणीतरी सांगितल्याशिवाय उघडत नाही. 'कटकट्या' म्हणून ज्याच्याशी बोलणं सगळे टाळतात, त्याचा हा खण दिवसेंदिवस मोठा होत जातो.

सांगितल्यानं बिघडतंही

मग सरळ तोंडावर सांगून टाकावं का? इथे थोडं थांबायला हवं. फीडबॅक दिला की सुधारणा होणारच, अशी समजूत व्यवस्थापनाच्या जगात बरीच वर्षं होती. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये तोवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यात ६०७ परिणामांची आकडेवारी होती आणि तेवीस हजारांहून अधिक निरीक्षणं. सरासरी पाहता फीडबॅकनं काम सुधारतं, हे दिसलंच. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम आधीपेक्षा खालावलं होतं.

त्यांनी याचं जे स्पष्टीकरण दिलं ते या विषयाच्या गाभ्याशी जातं. फीडबॅक ऐकताना माणसाचं लक्ष कामावर राहिलं तर तो काम सुधारतो. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे गेलं, म्हणजे 'मी कसा आहे, हे मला काय समजतात' याकडे वळलं, की फीडबॅकचा उपयोग घटत जातो. सगळी शक्ती स्वतःची बाजू राखण्यात खर्च होते. कौतुकालाही हाच नियम लागू पडतो. 'तू फार हुशार आहेस' हे ऐकायला छान वाटतं, पण त्यातून कामाविषयी काही कळत नाही.

म्हणजे फीडबॅक सौम्य की कडक, हा प्रश्न दुय्यम आहे. तो कामाविषयी आहे की माणसाविषयी, हा पहिला प्रश्न आहे.

स्वभाव की प्रसंग

आपलं बोलणं माणसाकडे घसरतं, कारण आपला विचार आधीच तिकडे घसरलेला असतो. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांचा १९६७ मधला प्रयोग याबाबतीत प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोविषयीचे निबंध वाचायला दिले. काही निबंध कॅस्ट्रोच्या बाजूचे होते, काही विरोधातले. कुठल्या बाजूनं लिहायचं हे लिहिणाऱ्याला वरून ठरवून दिलं होतं, असं वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं तरी कॅस्ट्रोच्या बाजूनं लिहिणारा मनातूनही थोडाफार त्याच बाजूचा असणार, असाच अंदाज त्यांनी केला. समोरच्याच्या वागण्यामागची परिस्थिती उघड दिसत असतानाही आपण त्या वागण्याचं खापर त्याच्या स्वभावावर फोडतो. ली रॉस यांनी १९७७ मध्ये या दोषाला 'फंडामेंटल अॅट्रिब्युशन एरर' हे नाव दिलं.

ऑफिसात हे रोज घडतं. मला उशीर झाला तर लोकल रखडलेली असते. त्याला उशीर झाला तर तो आळशी असतो. मी मेलला उत्तर दिलं नाही तर मी कामात बुडालेला असतो, त्यानं दिलं नाही तर तो माजलेला असतो.

म्हणून बोलायला जाण्यापूर्वीची तयारी कागदावर करावी. मनात त्या सहकाऱ्याविषयी जे विशेषण घोळत असेल ते वर लिहावं : उद्धट, कामचुकार, आगाऊ, काहीही. त्याखाली आपण स्वतः पाहिलेले प्रसंग लिहावेत. कुठल्या दिवशी, कुठे, तो काय बोलला किंवा त्यानं काय केलं, त्यामुळे काय झालं. कॅमेऱ्यात टिपता आलं असतं तेवढंच लिहायचं. 'तो चिडला' हे टिपता येत नाही. 'त्यानं लॅपटॉप आपटून बंद केला आणि तो उठून गेला' हे टिपता येतं. दोनसुद्धा प्रसंग नीट आठवत नसतील, तर बोलण्याची वेळ अजून आलेली नाही. प्रसंग आठवले, की वरचं विशेषण खोडून टाकावं. ते आपल्यापुरतं होतं, त्याच्यापुढे ते न्यायचं नाही.

या टिपणाचा आणखी एक फायदा होतो. कधीकधी लिहिता लिहिता लक्षात येतं की सगळे प्रसंग महिनाअखेरीचेच आहेत, किंवा प्रत्येक वेळी त्याच्या हातात दोन माणसांचं काम होतं. मग जे सांगायचं असतं ते त्या सहकाऱ्याला नव्हे, कामाची वाटणी करणाऱ्या साहेबांना सांगायचं असतं.

चार पायऱ्यांची मांडणी

अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो इथल्या 'सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप' या संस्थेनं फीडबॅकची एक सोपी मांडणी जगभर नेली. तिच्यात तीन पायऱ्या आहेत : प्रसंग, वागणं, परिणाम. आधी कुठली वेळ ते सांगायचं, मग त्या वेळी समोरच्यानं काय केलं ते सांगायचं, मग त्याचा आपल्यावर किंवा कामावर काय परिणाम झाला ते सांगायचं. बरोबरीच्या सहकाऱ्याशी बोलताना त्यात चौथी पायरी जोडावी लागते, ती विनंतीची. आपण त्याला हुकूम देऊ शकत नाही, पण मागणी स्पष्ट करू शकतो.

समजा, एका सहकारी बँकेच्या शाखेत शेजारशेजारच्या काउंटरवर दोघी बसतात. थोरल्या बाई कामात चोख आहेत, वीस वर्षांचा अनुभव आहे, पण धाकटीची चूक दिसली की खातेदारांसमोर फटकारतात. धाकटीच्या मनात येणारं वाक्य असं : "मॅडम, तुम्ही नेहमी माझा अपमान करता." यात 'नेहमी' हा शब्द खोटा पाडायला सोपा आहे आणि 'अपमान' हा हेतूवरचा आरोप आहे. उत्तर ठरलेलं : "अगं, तुझ्या भल्यासाठीच सांगते. आम्हाला तर साहेब फाइल फेकून मारायचे." संभाषण संपलं.

आता हेच दुसऱ्या तऱ्हेनं. शाखा बंद झाल्यावर, कॅश जुळल्यावर, दोघीच असताना :

"मॅडम, पाच मिनिटं आहेत का? सोमवारचं एक बोलायचं होतं. सकाळी काउंटरवर गर्दी होती, तेव्हा माझ्याकडून व्हाउचरवर तारीख चुकली. तुम्ही मोठ्यानं म्हणालात, 'एवढंही येत नाही का तुला?' माझ्यासमोर उभे असलेले ते पेन्शनवाले आजोबा लगेच त्यांचं पासबुक घेऊन तुमच्या रांगेत गेले. त्यानंतर दिवसभर मी प्रत्येक एंट्री दोनदोनदा तपासत होते, त्यामुळे रांग आणखी वाढली. माझं चुकलं की तुम्ही मला सांगायलाच हवं, तुमच्याकडूनच शिकतेय मी. फक्त लोकांसमोर नको. व्हाउचर बाजूला काढून ठेवा, मी जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारीन. जमेल का असं?"

या बोलण्यात एकही विशेषण नाही. तारीख चुकली हे धाकटीनं आधीच मान्य केलं आहे, त्यामुळे चूक होती की नव्हती यावर वाद होण्याचं कारण नाही. आजोबांनी रांग बदलली ही घडलेली गोष्ट आहे, ती नाकारता येत नाही. आणि शेवटची मागणी इतकी लहान आहे की उद्यापासून करता येईल. बाई लगेच 'सॉरी' म्हणतील असं नाही. कदाचित "बरं, बघू" म्हणून पर्स उचलतील. पण पुढच्या वेळी आवाज चढवताना त्यांना ते आजोबा आठवण्याची शक्यता आहे. फीडबॅकचं काम तेवढंच असतं.

'मी'नं सुरू होणाऱ्या वाक्यांचा पुरस्कार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी केला. 'तू असा आहेस'ऐवजी 'मला असा त्रास होतो' असं बोलायची त्यांची पद्धत आधी पालकांसाठी होती, पुढे ती ऑफिसांत आली. ती वापरताना एक पळवाट टाळायची असते. 'मला वाटतं, तू उद्धट आहेस' हे वाक्य 'मला'नं सुरू झालं तरी विशेषण तसंच्या तसं आत बसलेलं असतं.

लिनक्सची पाच वर्षं

अवघड सहकाऱ्याला सांगणं किती लांबू शकतं आणि त्याची काय किंमत पडते, हे लिनक्सच्या इतिहासात उघड नोंदलेलं आहे. जगातले बहुतेक सर्व्हर आणि सगळे अँड्रॉइड फोन ज्या लिनक्स कर्नलवर चालतात, त्याचं काम जगभरचे हजारो प्रोग्रॅमर ई-मेलवर करतात. प्रमुख लिनस टोर्वाल्ड्स. त्यांची तांत्रिक नजर वादातीत होती, आणि चुकीचा कोड पाठवणाऱ्याला शिव्यांसकट झोडपणारी त्यांची पत्रंही तितकीच प्रसिद्ध होती.

जुलै २०१३ मध्ये सेज शार्प यांनी सगळ्यांसमोर त्यांना हटकलं. शार्प तेव्हा इंटेलमध्ये काम करत आणि कर्नलमधला यूएसबी ३.० चा महत्त्वाचा भाग सांभाळत. शिवीगाळ थांबवा, त्याशिवायही कडक राहता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. टोर्वाल्ड्स यांनी ते मानलं नाही. ऑफिसातली वरवरची सभ्यता म्हणजे ढोंग, आपण तसे नाही, असा त्यांचा सूर होता. वाद शैलीचा आणि स्वभावाचा झाला, आणि स्वभावावरचा वाद कधी मिटत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये शार्प यांनी कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी टोर्वाल्ड्स यांनी कर्नलच्या ४.१९ आवृत्तीच्या एका चाचणी-प्रतीची घोषणा केली. त्याच पत्रात त्यांनी माफी मागितली. त्या आठवड्यात समूहातल्या लोकांनी आपल्याला आपल्या वागण्याविषयी समोरासमोर विचारलं, असं त्यांनी लिहिलं. आपल्या पत्रांतले वैयक्तिक हल्ले गैर होते, लोकांच्या भावना समजून घ्यायला आपल्याला मदतीची गरज आहे, असंही लिहिलं आणि ते काही काळ बाजूला झाले. ४.१९ आवृत्ती त्यांचे सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ऑक्टोबरमध्ये पूर्ण केली आणि त्यानंतर टोर्वाल्ड्स परतले. त्याच सुमारास कर्नलनं सर्वांसाठी आचारसंहिता स्वीकारली. त्या आठवड्यात 'द न्यू यॉर्कर'मध्ये त्यांच्या वागण्यावर लेखही आला, तेव्हा बदलाचं श्रेय एकाच संभाषणाला देता येणार नाही.

तरी दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, माफी मागताना त्यांनी 'मी वाईट माणूस आहे' असं म्हटलं नाही. अमुक प्रकारची पत्रं लिहिली ती चूक होती, असं म्हटलं. शिव्या असलेलं पत्र बाहेर जाण्याआधी अडवणारा फिल्टर लावण्यासारखा साधा उपायही त्यांनी पुढे सांगितला. म्हणजे प्रश्न स्वभावातून कृतीत आल्यावरच हलला. दुसरं, खराब कोड नाकारण्याचा त्यांचा कडकपणा तसाच राहिला. काम परत पाठवणं आणि माणसाला हिणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शार्प यांनी पाच वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मधल्या काळात टीमनं एक चांगला माणूस गमावला.

कुठे, कधी, किती

कौतुक चारचौघांत आणि कानउघाडणी एकांतात, हा जुना नियम आजही बरोबर आहे. माणूस लोकांसमोर ऐकत असतो तेव्हा तो आपल्याला उत्तर देत नसतो, तो बघणाऱ्यांना उत्तर देत असतो. ग्रुपवर किंवा सगळ्यांना सीसी करून लिहिलेला फीडबॅक म्हणूनच वाया जातो.

लिहून पाठवण्यापेक्षा बोलणं बरं. चॅटवरचं 'ओके.' रागावून लिहिलं की घाईत, हे कळत नाही. घरून काम करणाऱ्या सहकाऱ्याशी बोलायचं असेल तर कॉल करावा, आणि शक्यतो व्हिडिओ चालू ठेवून.

वेळ घटनेजवळची हवी, पण राग निवळल्यानंतरची. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. तीन महिन्यांपूर्वीचं आज काढलं की तो विचारतो, 'मग तेव्हाच का नाही बोललास?' आणि त्याचं खरं असतं. एका वेळी एकच मुद्दा घ्यावा. यादी घेऊन गेलात तर तो त्यातला सगळ्यात कच्चा मुद्दा पकडून बाकीचे उडवून लावतो.

आधी स्तुती, मध्ये टीका, शेवटी पुन्हा स्तुती, हा 'सँडविच' प्रकार प्रशिक्षणवर्गांत लोकप्रिय आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या अमेरिकन उद्योजिका मेरी के अॅश यांनी त्याचा पुरस्कार केला होता. दोन-तीनदा हे झालं की माणूस स्तुती सुरू होताच सावध होतो : 'आता काय निघणार?' मग खरी स्तुतीही संशयास्पद ठरते. चांगलं काम दिसलं त्याच दिवशी तेही असंच नेमकेपणानं सांगत राहिलं, तर अडचणीच्या दिवशी स्तुतीचं वेष्टण लागत नाही.

वयानं किंवा हुद्द्यानं मोठ्या व्यक्तीशी बोलताना 'सर, मॅडम, दादा' हे संबोधन आणि 'तुम्ही' राहूच द्यावं. आदर भाषेत ठेवला की मुद्दा पातळ होत नाही, उलट मुद्दा सरळ मांडायला मोकळीक मिळते. अर्धवट हसत, 'नाही म्हणजे तसं काही नाही, पण...' अशी सुरुवात करून मात्र काही साधत नाही. त्यातून समोरच्याला एवढंच कळतं की हा काहीतरी लपवतो आहे.

समोरून काय येईल

चार प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली, इन्कार : "मी असं म्हणालोच नाही." इथे साक्षीपुरावे मांडत बसू नये. "कदाचित तुमच्या लक्षात नसेल. मला तसं ऐकू आलं आणि त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही. पुढच्या वेळी मी लगेच सांगीन, चालेल?" एवढं पुरे.

दुसरी, उलटा वार : "आणि तू काय करतोस? गेल्या महिन्यात तुझाच रिपोर्ट चुकला होता." तो मुद्दा खरा असेल तर मानावा, पण चर्चा तिकडे नेऊ नये. "हो, त्यावरही बोलू, उद्या बसू या का? आज हे एक संपवू."

तिसरी, हेतूचा बचाव : "मला तसं म्हणायचं नव्हतं." हे बहुतेक वेळा खरंच असतं आणि तसं मान्य करावं. हेतू चांगला होता हे मान्य केलं तरी परिणाम झाला तो झालाच, म्हणून मागणी कायम ठेवावी.

चौथी, गप्पपणा किंवा डोळ्यांत पाणी. तेव्हा घाईनं सगळं मागे घेऊ नये. पाणी प्यायला वेळ द्यावा आणि विचारावं, "घरी किंवा कामात काही चाललंय का?" अवघड वागण्यामागे आजारी वडील, थकलेलं कर्ज, हुकलेली बढती असं काही असू शकतं. कारण कळलं की मागणी बदलू शकते, पण ती नाहीशी होत नाही.

संभाषणानंतरचे दोन आठवडे महत्त्वाचे. थोडी सुधारणा दिसली की ती त्याला सांगावी : "आज रिव्ह्यूत तुम्ही माझं पूर्ण ऐकून घेतलंत, बरं वाटलं." पुन्हा तेच घडलं तर पुन्हा तितक्याच शांतपणे बोलावं. जुन्या सवयी एका बैठकीत सुटत नाहीत.

एकट्यादुकट्याच्या धाडसावर सोडू नये

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. विमान उतरण्यासाठी योग्य स्थितीत नसल्याचं सहवैमानिकाच्या लक्षात आलं होतं. पुन्हा वर घ्या, असं त्यानं तीनदा सांगितलं, तरी कॅप्टननं उतरणं चालूच ठेवलं, असं अहवाल सांगतो. सहवैमानिकानं स्वतः ताबा का घेतला नाही? त्याला तो अधिकार आहे की नाही, याविषयीच्या सूचनांमध्ये संदिग्धता होती, असंही अहवालानं नोंदवलं.

ऑफिसात जीव जात नाहीत, पण रचना तीच असते. कनिष्ठानं बोलावं अशी अपेक्षा करायची आणि त्याच्या बोलण्याला वजन मात्र द्यायचं नाही, हे चालत नाही. म्हणून फीडबॅकची जागा टीमनं आधीच ठरवून ठेवावी. प्रोजेक्टच्या प्रत्येक टप्प्यानंतर काय जमलं, काय अडलं यावर अर्धा तास बसावं, आणि त्यात सुरुवात सगळ्यात वरिष्ठानं स्वतःविषयी विचारून करावी. सगळ्यांनाच फीडबॅक मिळतो हे दिसलं, की अवघड माणसालाही आपल्यालाच लक्ष्य केल्यासारखं वाटत नाही.

शेरा लपवून ठेवल्यानं काय होतं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोरही आलं होतं. देव दत्त नावाच्या सीमा रस्ते सेवेतल्या एका कार्यकारी अभियंत्याची बढती हुकली. कारण १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात त्यांना 'चांगला' असा शेरा होता आणि बढतीसाठी 'अतिशय चांगला' लागत होता. त्यांना तो शेरा कधी कळवलाच नव्हता. १२ मे २००८ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. पुढच्या वर्षी केंद्र सरकारनं पद्धत बदलली आणि पूर्ण मूल्यमापन अहवाल कर्मचाऱ्याला दाखवणं सुरू झालं. जे माणसाला कधी कळलंच नाही, ते त्याच्याविरुद्ध वापरणं अन्याय आहे, हे तत्त्व सरकारी कचेरीबाहेरही तितकंच लागू आहे.

जिथे फीडबॅक पुरत नाही

काही वागणं फीडबॅकच्या कक्षेबाहेरचं असतं आणि तिथे समजावत बसणं धोक्याचं ठरतं. लैंगिक छळ हा २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारीचा विषय आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार देता येते. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. जातीवरून अपमान, मारहाण, धमकी, पैशांची अफरातफर यांनाही 'प्रसंग, वागणं, परिणाम' लागू करू नये. तिथे तारीखवार नोंदी ठेवाव्यात, मेल जपून ठेवावेत आणि योग्य ठिकाणी तक्रार करावी.

यापेक्षा सौम्य पण सतत चालणाऱ्या त्रासाबाबत दोनदा नीट बोलूनही फरक पडला नाही, तर वरिष्ठांकडे जाणं ही चुगली नव्हे. मात्र तिथेही विशेषणं नेऊ नयेत. आपण पाहिलेले प्रसंग, आपण त्याच्याशी काय बोललो आणि पुढे काय झालं, एवढंच न्यावं. आणि 'मी साहेबांकडे जातो आहे' हे त्याला आधी सांगावं.

फीडबॅक देऊन प्रत्येक माणूस बदलत नाही. ऐकायचं की नाही, हे त्याच्या हातात असतं. सांगायचं की नाही, हे आपल्या हातात असतं. तेव्हा उद्या त्या सहकाऱ्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलण्याआधी एक कागद घ्या, विशेषण लिहून खोडा, त्याखाली एक प्रसंग आणि एक मागणी लिहा, आणि ती त्याच्यासमोर बसून बोला. पाच मिनिटांच्या त्या बोलण्यानं जे होईल, ते टपरीवरच्या पाच महिन्यांच्या चर्चेनं होत नाही.